चाराचे सव्वातीन

२००८ च्या दिवाळीआधी मी घरच्या संगणकाची रॅम वाढवून घेतली. जुन्या मराठी मासिकांचे अंक स्कॅन करून ठेवण्याचे काम तेव्हा हातात होते. शंभरेक पानांची फाइल उघडली की यंत्र अडून बसायचे. आमच्याच गल्लीत राहणारा एक मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरोघरी संगणकदुरुस्ती करत असे. तो लॅमिंग्टन रोडवर जाऊन दोन-दोन जीबीच्या दोन स्टिक घेऊन आला. जुन्या काढल्या, नव्या बसवल्या, यंत्र सुरू केले. यंत्राची माहिती दाखवणारी खिडकी मी मुद्दाम उघडून पाहिली. तिथे आकडा होता ३.२५ जीबी.

"चार घेतले ना आपण?"

"चारच आहेत, काका."

"मग इथे सव्वातीन का?"

त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्याने डबा पुन्हा उघडला, स्टिक काढल्या, सोनेरी कडांवर खोडरबर फिरवला, फुंकर मारली, पुन्हा बसवल्या. सव्वातीन. स्लॉटची अदलाबदल केली. सव्वातीन. मग एक-एक स्टिक वेगवेगळी लावून पाहिली. पहिली एकटी पूर्ण दोन दाखवी, दुसरीही एकटी पूर्ण दोन दाखवी, आणि दोघी एकत्र आल्या की दोन अधिक दोन सव्वातीन. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून दुकानात जाऊन दुसऱ्या कंपनीची जोडी बदलून घेऊन आला. आकडा हलला नाही. तेव्हा मी त्याला जे बोललो त्यात 'बाजारातला माल' आणि 'हिशेब' असे दोन शब्द होते एवढेच सांगतो. स्टिकचे पैसे मी दिले, त्याची मजुरी दिली नाही. त्यानेही मागितली नाही. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही.

त्या पाऊण जीबीचे काय झाले, हे मी बऱ्याच वर्षांनी, थोडे-थोडे करून शोधत गेलो. तंत्रज्ञान हा माझा विषय नव्हे. पण शोध जुन्या कागदपत्रांत शिरला, तेव्हा तो माझ्या सवयीचा झाला. बसवलेली मेमरी यंत्राला पूर्ण न दिसणे ही तक्रार व्यक्तिगत संगणकाइतकीच जुनी आहे. आणि दर वेळी उत्तर जवळपास एकाच ठिकाणी सापडते. मेमरी तिथे असते. तिला पत्ता मिळालेला नसतो.

पत्ता म्हणजे काय ते आधी पाहू. त्यासाठी आपल्याकडचेच उदाहरण घेतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात टपालाचा पिन कोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी-नाटककार म्हणूनही ओळखले जातात. सहा आकड्यांची ही रचना. पहिला आकडा १ ते ८ पर्यंत असेल तर देशातला एखादा भूभाग. ९ असेल तर लष्कराचे टपाल. आता असे समजा की एखाद्या भूभागात वस्त्या इतक्या वाढल्या की त्याच्या वाट्याचे सगळे क्रमांक संपले. तरीही ९ ने सुरू होणारे एक लाख क्रमांक नागरी वस्तीला देता येणार नाहीत. ते आधीच राखून ठेवलेले आहेत. त्यातले किती प्रत्यक्षात वापरात आहेत हा प्रश्नच नाही. घर उभे असेल, माणसे राहत असतील, पण पोस्टमन तिथे जाणार नाही.

संगणकातला प्रोसेसर हा असाच पोस्टमन आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, आणि तो क्रमांक प्रोसेसरकडून निघणाऱ्या तारांवरून जातो. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक. तारा वीस असतील तर दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ पत्ते होतात. याला एक मेगाबाइट म्हणायचे. एकविसावी तार जोडली की पत्ते दुप्पट. तारा संपल्या की पत्ते संपले, मग पलीकडे कितीही मेमरी खोचा.

आता १९८१. आयबीएमने १२ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कमध्ये आपला पीसी जाहीर केला. तो तयार झाला होता फ्लोरिडातल्या बोका रेटन येथे, डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या एका लहानशा गटाकडून. त्यांनी निवडलेल्या इंटेल ८०८८ या प्रोसेसरला पत्त्याच्या वीस तारा होत्या. मिळालेल्या एक मेगाबाइटची त्यांनी वाटणी केली. चौसष्ट किलोबाइटचा एक, असे सोळा वाटे धरले तर खालचे दहा वाटे वापरणाऱ्याच्या प्रोग्रामना आणि वरचे सहा यंत्राच्या स्वतःच्या कामांना. पडद्यावरचे चित्र जिथे राहते ती मेमरी, जोडकार्डांचे प्रोग्राम आणि अगदी शेंड्याला बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्यांदा चालणारा कायमचा प्रोग्राम. दहा वाटे म्हणजे ६४० किलोबाइट. पुढची दहा-पंधरा वर्षे जगभरच्या प्रोग्रामरांनी ज्या भिंतीवर डोके आपटले ती ही भिंत.

एवढी मेमरी कोणालाही पुरे, असे बिल गेट्स म्हणाल्याचे सर्रास सांगितले जाते. ते असे म्हणाल्याचा विश्वसनीय पुरावा कोणी दाखवलेला नाही आणि त्यांनी स्वतः ते नाकारले आहे. शिवाय वाटणी आयबीएमची होती. आणि ती मूर्खपणाची होती असेही मला वाटत नाही. त्या पहिल्या पीसीचे सर्वांत स्वस्त रूप सोळा किलोबाइट मेमरीचे होते. सोळाच्या घरात राहणाऱ्याला सहाशे चाळीसचे अंगण आखून देणारा माणूस कद्रू म्हणता येत नाही.

मात्र गंमत अशी की हे ६४० सुद्धा पहिल्या यंत्रांना दिसत नव्हते. किती मेमरी बसवली आहे हे पहिला पीसी स्वतः मोजून ठरवत नसे. मालकाने ते सांगावे लागे. मदरबोर्डवर लहान-लहान खटक्यांच्या दोन पट्ट्या होत्या. मेमरीचे नवे कार्ड बसवले की पुस्तिकेतला तक्ता पाहून, पेनाच्या टोकाने हे खटके वर-खाली करायचे. एक खटका चुकला की तेवढी मेमरी नाही. खटके बरोबर असले तरी १९८१ सालच्या बायोसला ५४४ किलोबाइटच्या पुढे जाता येत नसे. ऑक्टोबर १९८२ ची तारीख असलेली नवी बायोस चिप बसवल्यावर यंत्र ६४० पर्यंत पोहोचले. म्हणजे या तक्रारीची पहिली उदाहरणे थेट पहिल्याच यंत्रावरची आहेत. १९८१-८२ मध्ये खटके तपासून, कार्ड पुन्हा बसवून, दुकानदाराला दोष देऊनही आकडा न हललेले ग्राहक अमेरिकेत असणारच. त्यांच्याबद्दल मला आता आपुलकी वाटते.

१९८४ मध्ये आयबीएमचा पीसी-एटी आला. त्यातल्या ८०२८६ प्रोसेसरला पत्त्याच्या चोवीस तारा होत्या, म्हणजे सोळा मेगाबाइट. मेमरीची नोंद आता खटक्यांऐवजी बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या एका चिपमध्ये होऊ लागली. बॅटरी मेली की यंत्र आपली मेमरी विसरे. नोंद आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसला नाही तर सुरुवातीलाच पडद्यावर १६४ हा क्रमांक उमटे: मेमरीच्या आकारात चूक, सेटअप चालवा.

पण एटीची खरी कहाणी विसाव्या क्रमांकाच्या तारेची आहे. तारांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणून ही प्रत्यक्षात एकविसावी. जुन्या ८०८८ मध्ये पत्ता दोन आकड्यांची बेरीज करून तयार होई, आणि ही बेरीज एक मेगाबाइटच्या थोडी पुढे, ६५,५२० बाइटपर्यंत जाऊ शके. पुढे जाण्यासाठी तार नव्हती, म्हणून पत्ता गुंडाळला जाऊन पुन्हा शून्याकडे येई. स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर पुन्हा सगळी शून्ये येतात तसे. काही प्रोग्राम या गुंडाळण्यावर विसंबून लिहिलेले होते. नव्या प्रोसेसरला मात्र एकविसावी तार होती. पत्ता गुंडाळला न जाता सरळ पुढे जाई, आणि जुना प्रोग्राम भलतीकडे पोहोचे. जुने प्रोग्राम चालले पाहिजेत ही आयबीएमची अट. मग अभियंत्यांनी त्या एकाच तारेवर एक फाटक बसवले. फाटक बंद, तर यंत्र जुन्यासारखे वागणार. उघडे, तर नव्यासारखे. हे फाटक उघडायला-मिटायला एक मोकळी पिन हवी होती, ती त्यांना कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपवर सापडली.

म्हणजे एक मेगाबाइटच्या वरची मेमरी नीट दिसावी की नाही, हे कीबोर्डच्या चिपच्या हातात गेले. फाटक बंद राहिले तर दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक मेगाबाइट गायब होतात. तिथला पत्ता मागितला की खालच्या मेगाबाइटमधला मजकूर पुढे येतो. हे वाचले तेव्हा मला जुन्या वाड्यांची आठवण झाली. कोणाच्या तरी पणजोबांच्या सोयीसाठी पाडलेले दार, आणि त्यामुळे तीन पिढ्या उलट्या बाजूने उघडणारी खोली. फरक इतकाच की हा वाडा लाखोंच्या संख्येने जगभर बांधला गेला, आणि पुढची कित्येक वर्षे हे फाटक नव्या-नव्या यंत्रांत तसेच वाहून नेले गेले.

तोवर भिंतीशी झुंज सुरू झाली होती. लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रामवर कंपन्यांचे कारभार चालू लागले होते आणि त्यांचे तक्ते ६४० मध्ये मावत नव्हते. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक तोड काढली. वरच्या राखीव भागात चौसष्ट किलोबाइटची एक चौकट मोकळी ठेवायची, तिच्यात सोळा-सोळा किलोबाइटची चार पाने मावणार. खरी मेमरी वेगळ्या कार्डावर, कितीतरी जास्त. पण तिच्यातली एका वेळी चारच पाने या चौकटीत आणायची, काम झाले की बदलायची. ग्रंथालयाच्या दुर्मिळ विभागात ज्यांनी काम केले आहे त्यांना हे लगेच कळेल. संग्रह हजारोंचा, टेबलावर एका वेळी चार पोथ्या, पाचवी हवी तर एक परत करा. काम होते, पण वाचणाऱ्यापेक्षा आणून देणाराच जास्त दमतो.

१९९१ च्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीने या उपायांना घरगुती रूप दिले. त्यानंतरची काही वर्षे संगणक वापरणारे लोक एका छोट्या फाइलमधल्या ओळी वर-खाली करून चार-चार किलोबाइट वाचवत बसले. तो काळ ज्यांनी पाहिला ते त्याबद्दल रेल्वे आरक्षणाच्या जुन्या रांगांबद्दल बोलावे तसे बोलतात, तक्रारीत थोडा अभिमान मिसळून.

मधला एक टप्पा फारसा कोणी सांगत नाही, पण मला तो सर्वांत बोलका वाटतो. यंत्र सुरू होताना प्रणाली बायोसला विचारते: मेमरी किती? त्या काळच्या बायोसची उत्तर देण्याची एक ठरलेली पद्धत होती. एक मेगाबाइटच्या वर किती किलोबाइट आहेत तो आकडा सोळा बिटांच्या एका खणात ठेवून द्यायचा. सोळा बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ६५,५३५. म्हणजे सुमारे चौसष्ट मेगाबाइटच्या पुढे बायोसला बोलताच येत नव्हते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात लोक १२८ मेगाबाइट बसवू लागले, आणि लिनक्सच्या त्या काळच्या आवृत्त्यांना त्यातले चौसष्टच दिसू लागले. या वेळी पत्त्याच्या तारा पुरेशा होत्या, फाटक उघडे होते, मेमरी चोख होती. उत्तर लिहायच्या रकान्यात आकडा मावत नव्हता. मालकाला सुरुवातीच्या फाइलमध्ये स्वतःच्या हाताने लिहावे लागे की माझ्याकडे १२८ आहेत. मग बायोसने उत्तराची नवी पद्धत घेतली. एकच आकडा सांगण्याऐवजी पूर्ण उताराच काढून द्यायचा: या पत्त्यापासून या पत्त्यापर्यंत वापरायला मोकळे, इथून इथपर्यंत राखीव. सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला हा कागद लगेच वाचता येतो. त्याची पुढे गरज पडणार आहे.

आता मूळ प्रकरणाकडे. इंटेलने १९८५ मध्ये ८०३८६ हा प्रोसेसर काढला. पत्ता बत्तीस बिटांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट. हेच चार जीबी. ज्या वर्षी टेबलावरच्या संगणकात एक मेगाबाइट ही चैन होती, त्या वर्षी चार हजार मेगाबाइटचे रान आखून देण्यात आले. इतक्या मोठ्या रानात राखीव जागा कुठे ठेवायच्या याची चिंता कोणाला असणार? बायोस रानाच्या अगदी शेंड्याला गेला. त्याच्या खाली इतर चिपांना पत्ते मिळाले. मग पीसीआय कार्डे आली, त्यांना शेंड्याकडूनच खाली-खाली जागा मिळत गेली. ग्राफिक्स कार्डावर स्वतःची मेमरी असते, ती प्रोसेसरला दिसण्यासाठी तिलाही याच रानात पत्ते हवेत. कार्ड २५६ मेगाबाइटचे असेल तर तेवढे पत्ते. पीसीआय एक्सप्रेस आल्यावर नुसत्या जोडणीच्या नोंदींसाठी आणखी २५६ मेगाबाइटपर्यंत पत्ते राखले जाऊ लागले. खालून रॅम वाढत होती, वरून राखीव प्रदेश उतरत होता, आणि मधले रान इतके मोठे होते की वीस वर्षे कोणाला काही जाणवले नाही.

दोघांची गाठ माझ्या घरात २००८ साली पडली. मी चार जीबी रॅम बसवली, म्हणजे पत्त्यांच्या सगळ्या रानाइतकी. शेंड्याचे पाऊण जीबी पत्ते आधीच इतरांच्या नावावर होते. एका पत्त्यावर दोघे राहू शकत नाहीत, आणि असा तंटा आला की रॅम मागे सरते. दोन-दोनच्या स्टिक एकट्या पूर्ण का दिसत होत्या याचे उत्तरही हेच: दोन जीबीचा उंबरठा राखीव प्रदेशाच्या बराच खाली होता. त्या मुलाने केलेली ती तपासणी अगदी बरोबर होती. स्टिक निर्दोष आहेत हे तिने सिद्ध केले होते. ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

मग त्या पाऊण जीबीला चार जीबीच्या रेषेच्या वर पत्ते का देऊ नयेत? देता येतात. मदरबोर्डवरची मेमरी सांभाळणारी चिप तशी असेल तर झाकला गेलेला तुकडा उचलून रेषेच्या वर मांडता येतो. बायोसमध्ये त्याला रीमॅप म्हणतात. प्रोसेसरच्या बाजूनेही अडचण जुनी नव्हती. इंटेलने १९९५ च्या पेन्टियम प्रोपासूनच बत्तीस बिटांच्या प्रोसेसरला छत्तीस बिटांचा पत्ता देण्याची सोय केली होती, म्हणजे चौसष्ट जीबी. विंडोजच्या सर्व्हरसाठीच्या महाग आवृत्त्या बत्तीस बिटांच्या असूनही या सोयीने चार जीबीच्या बरेच पुढे जात होत्या. घरगुती आवृत्त्या जात नव्हत्या.

इथे इतिहासात दोन पक्ष पडतात. मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी २००८ मध्ये लिहिलेले स्पष्टीकरण असे: घरगुती यंत्रांवर ध्वनी, चित्र वगैरेंची जी असंख्य उपकरणे लागतात त्यांच्या ड्रायव्हरांनी बत्तीस बिटांपलीकडचा पत्ता कधी पाहिलाच नव्हता. चाचणीत अशी यंत्रे कोलमडत होती, म्हणून घरगुती आवृत्तीत वरची मेमरी वापरायचीच नाही असे ठरले. जेफ चॅपेल या स्वतंत्र संशोधकाने पुढच्याच वर्षी व्हिस्टाचा गाभा उकलून दाखवून दिले की वरची मेमरी वापरण्याचे सगळे सामर्थ्य त्या प्रणालीत लिहिलेलेच आहे, आणि तिला अडवतो तो परवान्यात नोंदलेला एक आकडा. तो अडथळा दूर केल्यावर त्यांच्या यंत्रावर सगळी मेमरी चालली.

मला दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी वाटतात. ड्रायव्हर कच्चे होते हे खरे, आणि अडथळा परवान्याच्या रूपात घातला हेही खरे. माझा राग निर्णयावर नाही. निर्णय कुठे लिहिला होता, यावर आहे. जाणकारांच्या कागदपत्रांत तो होता. खिडकीत नुसते ३.२५ लिहिलेले होते. उरलेले कुठे गेले याचा एकही शब्द नव्हता. तो शब्द नसल्यामुळे त्याच्या जागी ज्याला जो सुचला तो संशय आला. सापडणारा माणूस अर्थातच जवळचा, डबा उघडणारा.

२००८ मध्येच व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने या खिडकीत एक बदल केला. वापरता येणाऱ्या मेमरीऐवजी बसवलेली मेमरी दाखवायला सुरुवात केली. यंत्र पूर्वीइतकीच मेमरी वापरत राहिले, आकडा मात्र चार झाला. माझ्याकडे ती प्रणाली असती तर मी समाधानाने मजुरी देऊन मोकळा झालो असतो, हे मला कबूल केलेच पाहिजे. २००९ च्या विंडोज ७ ने दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिले: बसवलेली इतकी, वापरता येण्याजोगी इतकी. एवढे सरळ वाक्य खिडकीत यायला अठ्ठावीस वर्षे लागली.

चौसष्ट बिटांच्या प्रणालीने पत्त्यांचा प्रश्न आपल्या हयातीपुरता मिटवला आहे. एएमडीने २००३ मध्ये तसे प्रोसेसर बाजारात आणले. पण परवान्याची रेषा त्यानंतरही उरली. विंडोज ७ ची होम बेसिक ही आवृत्ती भारतासारख्या बाजारांसाठीच काढलेली होती. तिच्या चौसष्ट बिटांच्या रूपालाही आठ जीबीची मर्यादा होती, होम प्रीमियमला सोळाची. सोळा बसवून आठच दिसणाऱ्या माणसाची स्टिक सदोष नव्हती, तारा कमी नव्हत्या, रकाना लहान नव्हता.

आजही कोणी विचारले तर मी खोडरबरापासूनच सुरुवात करायला सांगतो, कारण सैल बसलेली स्टिक हे कारण खरोखर असते. मात्र आधी बायोसच्या पडद्यावरचा आकडा पाहावा. तिथेच कमी दिसत असेल तर दोष बहुधा स्टिकमध्ये, स्लॉटमध्ये किंवा मदरबोर्डच्या मर्यादेत. तिथे पूर्ण आणि प्रणालीत कमी असेल तर डबा बंदच ठेवावा. ग्राफिक्स मुख्य मेमरीतूनच वाटा घेणारे आहे का, प्रणाली किती बिटांची, परवाना कोणता, हे पाहावे. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम मेमरी' असा एक चौकोन असतो. मेमरी वाढेल या आशेने लोक त्यात खूण करून ठेवतात, आणि तो असतो मर्यादा घालण्यासाठी.

गेल्या वर्षी माळा आवरताना तो जुना संगणक खाली काढला. धूळ झटकून सुरू केला तर चालू झाला. त्याचा प्रोसेसर मुळात चौसष्ट बिटांचाच होता. त्यावरची प्रणाली तेवढी बत्तीसची. बायोसमध्ये शिरलो तर रीमॅपची ओळ सापडली, बंद ठेवलेली. ती चालू केली, पेन ड्राइव्हवरून चौसष्ट बिटांचे लिनक्स सुरू केले आणि मेमरीचा उतारा पडद्यावर मागवला. मोकळे, राखीव, मोकळे, राखीव असे करत यादी खाली आली. शेवटची ओळ एकावर आठ शून्यांनी सुरू होत होती. या यादीत आकडे सोळाच्या पटीत लिहितात. त्या लिपीत एकावर आठ शून्ये म्हणजे बरोबर चार जीबी. ओळीच्या शेवटी 'मोकळे' असे होते आणि तिची लांबी ७६८ मेगाबाइट, म्हणजे पाऊण जीबी. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून बदलून आणलेली तीच जोडी अजून आत होती.

त्या ओळीचा फोटो काढला. मुलाचा नंबर त्याच्या आईकडून मिळवला. तो आता दुसऱ्या शहरात सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. फोटो पाठवून मग फोन केला. मी बोलायला सुरुवात करण्याआधीच तो म्हणाला, "रीमॅप चालू केलंत ना, काका?"

"तुला माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. पुढे दीड-दोन वर्षांनी नोकरीत कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "यायचं म्हणत होतो," तो म्हणाला. "पण मग तुम्हाला वाटलं असतं, मजुरी मागायला आलाय."